भरलेली पिकअप आणि इंजिनचा आवाज : कारण शोधण्याची आणि ओझे सुरक्षितपणे वाहण्याची पद्धत

तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून कांदा-बटाटा ठाण्याच्या किरकोळ बाजारांकडे नेणारी, रबाळे-महापेच्या कारखान्यांतून सुटे भाग भिवंडीच्या गोदामांत पोहोचवणारी, किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींसाठी सिमेंट आणि फरश्या वाहणारी पिकअप दिवसाचा बराच वेळ एक तर पूर्ण भरलेली असते, किंवा वाहतूक कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेली असते. या दोन्ही स्थितींत इंजिनवर येणारा ताण वेगवेगळा असतो आणि आवाजाच्या अनेक तक्रारींचे मूळ त्या ताणातच सापडते. म्हणून आवाजाची तपासणी आणि ओझ्याचा हिशेब हे दोन स्वतंत्र विषय मानू नयेत, असे माझे ठाम मत आहे. गाडीवर रोज किती वजन चढते हेच ठाऊक नसेल, तर तिच्या इंजिनचा आवाज कशामुळे वाढला हे कितीही अनुभवी मिस्त्री असला तरी त्याला खात्रीने सांगता येणार नाही.

पुढील विवेचन मुख्यतः डिझेल पिकअपला धरून केले आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या या भागात मोठी असल्याने त्यांच्याविषयी वेगळा भाग दिला आहे.

आधी आवाज कशाबरोबर बदलतो ते ठरवावे

बोनेट उघडण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या वेगाबरोबर? इंजिन थंड असताना अधिक येतो की तापल्यावर? रिकाम्या गाडीत येतो की ओझे चढल्यावरच? आणि तो ॲक्सिलरेटर दाबताना येतो, सोडताना येतो, की दोन्ही वेळा? या उत्तरांनी संशयाचे क्षेत्र इतके लहान होते, की पुढचे काम निम्म्याने हलके होते. हे न करता थेट भाग बदलू लागल्यास इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), टॅपेट (वॉल्व्ह उघडणारा भाग) आणि माउंटिंग (इंजिनचे रबरी आधार) यांवर एकामागून एक खर्च होतो आणि आवाज आहे तिथेच राहतो.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर करावी. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि फेरे सावकाश वाढवावेत. उभ्या गाडीतही आवाज येत असेल तर तो इंजिन, त्यावरचे पट्टे व पुली, क्लच किंवा गिअरबॉक्सचा पुढचा भाग यांपैकी कशाचा तरी आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता सुरू असताना क्लच पूर्ण दाबून पाहावा. दाबल्याबरोबर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे पाहावे. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग खराब झालेले असण्याची शक्यता अधिक. एवढ्या साध्या तपासणीने कित्येकदा इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो.

दुसरी चाचणी चालत्या गाडीवर करावयाची असते. ती ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गर्दीत मुळीच करू नये. औद्योगिक वसाहतीतील एखादा सपाट अंतर्गत रस्ता सुट्टीच्या दिवशी निवडावा आणि सोबत ऐकणारा दुसरा माणूस घ्यावा, म्हणजे चालकाचे लक्ष रस्त्यावर राहते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवावी. वेग तोच असताना गिअर बदलल्यावर आवाजाची पट्टीही बदलली, तर तो इंजिनच्या बाजूचा आहे. पट्टी तशीच राहिली, तर तो प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा), डिफरेन्शियल (मागच्या ॲक्सलमधली गिअरपेटी) किंवा चाकांच्या बाजूचा आहे. त्यानंतर तीच चाचणी काट्यावर मोजलेल्या ओझ्यासह, त्याच रस्त्यावर आणि त्याच गिअरमध्ये पुन्हा करावी. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या आवाजातला फरक हा सगळ्यांत बोलका पुरावा असतो. मोबाइलवर दोन्ही वेळचे ध्वनिमुद्रण करून ठेवल्यास गॅरेजमध्ये समजावून सांगणे सोपे जाते.

ऑइलची पातळी : कमी जितकी वाईट, तितकीच जास्तही

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागी, डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालावी आणि पातळी दोन खुणांच्या दरम्यान आहे का ते पाहावे. पातळी खालच्या खुणेखाली गेली असेल, तर चढावर किंवा वळणावर ऑइल इंजिनखालच्या टाकीच्या (सम्पच्या) एका बाजूला सरकते, पंप क्षणभर हवा ओढतो आणि वरच्या बाजूचे टॅपेट खडखडू लागतात. अशा वेळी कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे ऑइल योग्य पातळीपर्यंत भरून पाहण्याआधी टॅपेट सेटिंगचा निर्णय घेऊ नये.

दुसरी शक्यता मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या अनेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी ठरावीक काळाने जादा डिझेल वापरून फिल्टर तापवते. वाशीहून कोपरखैरणे, तिथून ऐरोली अशा तुटक फेऱ्यांत आणि सततच्या थांबण्यात हे काम अर्धवट राहते, आणि इंजिनच्या रचनेनुसार न जळलेले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरू शकते. मग डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते आणि मालक निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते ऑइल पातळ झालेले असते, बेअरिंगवरचा त्याचा थर टिकत नाही आणि भरलेल्या गाडीत नेमका तिथेच मार बसतो. पातळी वरच्या खुणेच्या वर चढत असेल, डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलून काजळीची तक्रार मुळातून दूर करून घ्यावी. काजळी जळत असताना आयडलचे फेरे थोडे वाढणे, पंखा जोरात फिरणे आणि धुराड्याचा आवाज जड होणे हे स्वाभाविक आहे. तो बिघाड समजून गाडी मध्येच बंद करू नये. शक्य असल्यास सलग वेगाने चालवून ती प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर पुढच्या चौकापर्यंत जाण्याचाही विचार करू नये. गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

इंजिनच्या आतले आणि भोवतीचे आवाज

हलका, नियमित, शिवणयंत्रासारखा टकटक आवाज वरच्या झाकणातून येत असेल तर तो सहसा टॅपेटचा असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये प्रत्येक वॉल्व्ह क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना एका वॉल्व्हचे ठोके ४०० च पडतात, आणि त्यामुळे हा आवाज इंजिनच्या गतीपेक्षा संथ भासतो. ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत तिथे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली, तर चिंतेचे कारण नाही. जिथे स्क्रूने सेटिंग करायचे असते तिथे पुस्तिकेतील फटीचे माप फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासूनच काम करावे. कानाच्या अंदाजाने घट्ट केलेले टॅपेट शांत वाटतात, पण वॉल्व्ह नीट न बसल्याने जळतात.

खालून येणारा जड, खोल ठोका ही गंभीर बाब आहे. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असेल तर ॲक्सिलरेटर दाबताना आणि विशेषतः सोडताना, म्हणजे ताण बदलतो त्या क्षणी, ठोका स्पष्ट ऐकू येतो. इंजिन तापल्यावर ऑइल पातळ होते, म्हणून तो वाढतो. मुख्य बेअरिंगचा आवाज त्याहून बोदा असतो आणि पूर्ण ओझ्यासह चढ चढताना उठतो. याच्या उलट, पिस्टन सैल झाल्याचा आवाज थंड इंजिनमध्ये मोठा असतो आणि पिस्टन तापून फुगल्यावर बराच कमी होतो. म्हणजे तापल्यावर वाढणारा ठोका आणि तापल्यावर घटणारा ठोका यांतील भेद हा येथे निर्णायक आहे. रॉडचा ठोका निश्चित झाला की माल उतरवून गाडी ओढून न्यावी. तशीच चालवल्यास रॉड तुटून इंजिनचा ब्लॉक फुटण्यापर्यंत मजल जाते आणि काही हजारांचे काम संपूर्ण इंजिनच्या खर्चावर जाते.

डिझेल इंजिनचा स्वतःचा कडक, धातूवर हातोडी पडल्यासारखा आवाज वाढला असेल तर इंजेक्टरकडे लक्ष द्यावे. एखादा इंजेक्टर नीट फवारा मारत नसेल किंवा अवेळी इंधन सोडत असेल तर त्या एका सिलिंडरमध्ये ठोके बसतात, सोबत धूर दिसतो आणि गाडी ओढत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत मिस्त्री एकेका इंजेक्टरची नळी किंचित ढिली करून, कोणत्या सिलिंडरचा ठोका थांबतो ते पाहत असत. कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे जिथे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते तिथे, हा प्रयोग कधीही करू नये, करू देऊ नये. त्या नळ्यांत हजार बारहून अधिक (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब असू शकतो आणि बारीक फटीतून सुटलेली धार त्वचा भेदून आत शिरते. अशा गाड्यांत हीच चाचणी स्कॅनर जोडून एकेक सिलिंडर बंद करून घेता येते.

धुराड्याच्या मॅनिफोल्डची (सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळीची) गॅसकेट फुटल्याचा आवाज टॅपेटसारखाच असल्याने फसगत होते. थंड गाडीत ॲक्सिलरेटर दाबताच फटफट वाढणे आणि जोडाजवळ काळी काजळी दिसणे ही त्याची खूण आहे. टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) हलकी शीळ स्वाभाविक आहे. भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज आणि सोबत निळा धूर असेल तर टर्बोचे बेअरिंग झिजले आहे, आणि फुसफुस येऊन गाडीचा जोर कमी झाला असेल तर बहुधा रबरी होजची पट्टी ढिली झालेली असते किंवा होज चिरलेला असतो.

पट्ट्याची किंचाळी पावसाळ्यात विशेष जाणवते. इंजिन बंद असताना पट्ट्याचा ताण, चिरा आणि चकाकी पाहावी. पट्टा काढून अल्टरनेटर, वॉटर पंप आणि आयडलर पुली हाताने फिरवल्यास कोणते बेअरिंग खरखरते ते लगेच कळते. चालत्या इंजिनजवळ ऐकण्यासाठी लांब लोखंडी सळई किंवा मिस्त्री वापरतात तो स्टेथोस्कोप चालतो, मात्र सैल बाही, गळ्यातला रुमाल आणि हात पंख्यापासून दूर ठेवावेत. ठाणे खाडीलगतच्या खारट, दमट हवेत सायलेन्सरवरचे पत्र्याचे उष्णतारोधक आवरण गंजून सुटते आणि त्याची झणझण इंजिनच्या आतून येत असल्यासारखी वाटते, हेही तपासून टाकावे.

पावसाळ्याचा आणखी एक धोका वेगळाच आहे. तुंबलेल्या भुयारी रस्त्यात एअर फिल्टरपर्यंत पाणी पोहोचून इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलेले असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. असा वाकलेला रॉड लगेच तुटतोच असे नाही, पण काही दिवसांनी ओझ्याखाली ठोका देऊ लागतो आणि तोपर्यंत पाण्याची घटना विसरली गेलेली असते. म्हणून मिस्त्रीला ती आवर्जून सांगावी.

सीएनजी गाड्यांविषयी

सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनला इंधनातून थेंबांचा थंडावा मिळत नाही, वॉल्व्हची बैठक अधिक तापते आणि हळूहळू झिजते. बैठक झिजली की वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. त्यामुळे बिघाड वाढत असताना आवाज उलट कमी होतो. सकाळी इंजिन अडखळणे, आयडल डगमगणे आणि चढावर जोर न लागणे ही लक्षणे दिसली, तर शांत इंजिनवर विसंबून न राहता फट मोजून घ्यावी. भरलेल्या गाडीत चढावर बारीक किणकिण ऐकू आली तर स्पार्क प्लग, प्रज्वलनाची वेळ आणि इंजिनचे तापमान तपासावे. टाकीतील दाब २०० बारच्या आसपास असतो आणि टाकीची जलदाब चाचणी दर ३ वर्षांनी करणे बंधनकारक आहे. हौद्यातील सळया किंवा यंत्रे टाकीवर, नळीवर आदळणार नाहीत अशीच रचावीत.

इंजिनचा वाटणारा, पण इंजिनचा नसणारा आवाज

गाडी सुटताना किंवा मागे घेताना एकच ‘कट्’ असा आवाज येणे हे प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची (फुलीच्या आकाराच्या सांध्याची) झीज दाखवते. सुरुवातीला केवळ ओझ्यासह सुटताना थरथर जाणवली तर मधल्या सेंटर बेअरिंगचे रबर पाहावे. डिफरेन्शियलचा हूं-हूं आवाज ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना वेगळा येतो. चाकाच्या बेअरिंगचा गुणगुणाट मोठ्या वळणावर, बाहेरच्या बाजूच्या चाकावर भार गेला की बदलतो. इंजिन सुरू किंवा बंद करताना धाडकन हिसका बसत असेल तर माउंटिंगचे रबर फाटलेले असते. या सर्व भागांवर जादा ओझ्याचा परिणाम इंजिनपेक्षाही आधी होतो.

वजन नजरेने ठरवू नये

नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल एकूण वजन लिहिलेले असते. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे सगळा माल नव्हे. कायद्यातील रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात. समजा, एकूण वजन ३,००० किलो आणि रिकामे वजन १,६५० किलो आहे. फरक १,३५० किलो येतो. त्यातून चालक आणि हमाल यांचे १४० किलो, नंतर बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याचे ८० किलो आणि ताडपत्री, दोर, ट्रॉली यांचे ३० किलो वजा केल्यास मालासाठी १,१०० किलोच उरतात. व्यापाऱ्याशी भाडे ठरवताना हाच आकडा सांगावा.

वजनाचा अंदाज सर्वाधिक चुकतो तो रेती, खडी आणि फरशी यांत. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढ्या रेतीचे वजन ओलाव्यानुसार साधारण साडेचार टन भरते. ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात केवळ १ फूट उंचीची रेती भरली तरी ती जवळपास अर्धा ब्रास होते, म्हणजे सव्वादोन टनांच्या घरात जाते. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि गाडी मात्र क्षमतेच्या कितीतरी पुढे गेलेली असते. सिमेंटची गोणी ५० किलोची, त्यामुळे २२ गोण्यांत वर काढलेले १,१०० किलो संपतात. लोखंडी सळईसाठी एक उपयुक्त सूत्र आहे : व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांबीची सळई सुमारे १०.७ किलोची होते. एवढे हिशेब मालाच्या जागेवरच करता येतात. शंका राहिली तर औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील वजनकाट्यावर गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा तोलून पावती जवळ ठेवावी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा ओझ्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वाहणाऱ्यावरच पडतो. माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर आल्यासही स्वतंत्रपणे २०,००० रुपयांची तरतूद आहे, म्हणून लांब सळया आणि पाइप यांसाठी लांब हौद्याचीच गाडी घ्यावी. मागे जादा कमानपाटा टाकून घेतला की क्षमता वाढली, हा समज मला अत्यंत घातक वाटतो. पाट्याने गाडी मागून बसलेली दिसत नाही एवढेच. ब्रेक, ॲक्सल, चासी, टायर आणि क्लच जुन्याच मापाचे राहतात, आणि गाडी दबल्याची दिसणारी खूणही त्यामुळे नाहीशी होते.

रचणे, बांधणे आणि टायर

जड माल हौद्याच्या तळाशी, मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे आणि डाव्या-उजव्या बाजूंना समान भार येईल असा ठेवावा. फाळक्याकडे जड वस्तू ठेवण्याचा परिणाम तरफेच्या नियमाने होतो. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतर ३ मीटर असलेल्या गाडीत मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे ३०० किलोचे यंत्र ठेवले, तर पुढच्या चाकांवरचा भार १०० किलोने कमी होतो आणि मागच्या ॲक्सलवर ३०० ऐवजी ४०० किलो पडतात. स्टिअरिंग हलके लागते, ओल्या रस्त्यावर पुढची चाके वळण सोडतात आणि चढावर गाडी पुढून उचलल्यासारखी वाटते.

बांधणीचा निकष असा ठेवावा, की ती पुढच्या दिशेने मालाच्या संपूर्ण वजनाएवढा आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाएवढा ओढा सहन करील. एकट्या दोराने हे साधत नाही. माल केबिनच्या पाठीमागच्या जाळीला टेकवून ठेवावा, मधल्या फटी लाकडी ठोकळ्यांनी भराव्यात आणि जड वस्तूंना रॅचेटचे पट्टे हुकांनाच बांधावेत. कडेच्या पातळ पत्र्याला बांधलेला पट्टा ऐन वेळी पत्र्यासह निघतो. धारदार कडेवर जाड कापड किंवा रबर घालावे. पहिल्या पाच-सात किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण गोण्या आणि खोकी तेवढ्यात बसतात.

टायरची हवा थंड टायरमध्ये, दरवाजाजवळच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा काढू नये. टायरच्या बाजूला १०६/१०४ असा निर्देशांक असेल, तर एकेरी चाकासाठी १०६ हा आकडा लागू होतो आणि त्याचा अर्थ एका टायरची कमाल क्षमता ९५० किलो असा आहे. बदलताना याहून कमी निर्देशांकाचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

चढ आणि उतार

गायमुखचा घाट, मुंब्रा बायपास, नाशिककडे जाताना कसारा आणि पुण्याकडे जाताना बोर घाट, या रस्त्यांवर भरलेली गाडी नेताना चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी रेटत नेल्यास इंजिन धडधडते, बेअरिंगवर मोठा दाब येतो आणि तापमान वाढते. गिअर उतरवल्याबरोबर ही धडधड थांबली, तर बहुधा तिचे कारण चालवण्याच्या पद्धतीत होते. कोंडीत चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये. हँडब्रेक ओढावा आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावरच सुटावे. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून वेग कमी करावा, तरीही तो लाल पट्ट्याकडे गेला तर थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. लांब चढ संपल्यावर टर्बो गाडी एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवून मग बंद करावी.

उताराची काळजी चढापेक्षाही अधिक घ्यावी. ३ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचे १० लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकायची की इंजिनवर वाटून द्यायची, हे चालकाच्या हाती असते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेक सतत दाबून न धरता ठरावीक अंतराने घट्ट दाबून सोडावा आणि न्यूट्रल कधीही करू नये. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २०५ अंश असतो, तो पाणी शोषल्यावरच्या मोजणीत १४० अंशांपर्यंत खाली येतो. ऑइल उकळले की पेडल रिकामे जाते. आपल्याकडच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणे म्हणूनच आवश्यक आहे.

गॅरेजमध्ये काय सांगावे

‘आवाज येतो’ एवढे सांगून गाडी सोडू नये. कोणत्या फेऱ्यांवर, कोणत्या गिअरमध्ये, थंड की गरम, किती किलो ओझ्यासह, चढावर की सपाटीवर, हे लिहून द्यावे आणि ऑइल केव्हा, कोणत्या दर्जाचे भरले तेही नमूद करावे. ऑइल बदलताना निघालेले जुने ऑइल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात धातूची चकाकी दिसते का ते मिस्त्रीसोबत पाहावे, आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या तपासाव्यात. बेअरिंग झिजल्याची शंका असेल तर दाब मोजण्याचे गेज जोडून गरम इंजिनचा ऑइल प्रेशर मोजण्याचा आग्रह धरावा, कारण इंजिन खोलण्याचा निर्णय केवळ कानावर सोडणे योग्य नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी रिकाम्या गाडीवर संपवू नये. आधी ज्या रस्त्यावर, ज्या गिअरमध्ये आणि जेवढ्या मोजलेल्या ओझ्यासह आवाज आला होता, त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून, आधीच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून मगच बिल चुकते करावे. क्रँकची नवी बेअरिंग किंवा नवे पिस्टन बसवले असतील, तर वर्कशॉपने सांगितलेल्या अंतरापर्यंत ओझे कमी ठेवावे आणि त्यानंतरचे पहिले ऑइल ठरलेल्या मुदतीच्या आधीच बदलावे.